जास्त झालेली नीळ

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींनाही. तुझं पत्र मिळालं. आधी भांडणाचं उत्तर देते, मग ख्यालीखुशाली.

अप्पांच्या शर्टाला एवढी नीळ कोण घालतंय, असं विचारून तू त्याखाली दोन रेघा मारल्या आहेस. ताई, मी नीळ घालतच नाही. नीळ कुठल्या कपाटात असते हेही मला माहीत नाही. जाताना तू दाखवलं होतंस, पण तेव्हा मी रडत होते, त्यामुळे निम्मं घर माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शर्ट मी मशीनमध्ये टाकते, तो पांढरा आत जातो आणि पांढरा बाहेर येतो. फोटोतच तेवढा निळसर होतो. आजचा फोटो सोबत आहे, बघ. शर्ट निळसर, मागची भिंत निळसर, आणि अप्पांचा चेहरा मात्र अगदी जसा असायला हवा तसा. मी त्यांना तुझी तक्रार वाचून दाखवली, तर म्हणाले, "लिही तिला, नीळ जास्त झाली." आता दोघांच्या मध्ये मी काय लिहू?

मला वाटतं, कॅमेरा बिघडलाय. आणि बिघडला असेल तर माझं काही खरं नाही, कारण तोच कॅमेरा मी कामावर नेते.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही असं तू म्हणतेस. तुमच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिल्याशिवाय फोन लागत नाही, आणि लागला की वारा मध्ये बोलतो. तेव्हा आता कागदावरच सावकाश सांगते. आमच्या संस्थेनं समुद्रात लोखंडी चौकटी सोडल्यात. फार खोल नाहीत, तीन-चार माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तर वरच्याचं डोकं बाहेर येईल इतक्याच. त्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधलेत. ते जगतात की नाही, हे बघायला मी सोमवारी आणि गुरुवारी खाली जाते आणि एकेकाचा फोटो काढते. प्रवाळाची तब्येत त्याच्या रंगात असते. तपकिरी म्हणजे मजेत, फिकट म्हणजे आजारी, पांढरं म्हणजे बहुतेक गेलं. आमच्या मॅडमना कानाच्या दुखण्यामुळे आता पाण्यात उतरता येत नाही, त्या फोटो बघून ठरवतात. म्हणून त्यांचा एक कडक नियम आहे: नंतर संगणकावर रंगाला हात लावायचा नाही. कॅमेऱ्यातून जे येईल ते खरं.

आता कॅमेऱ्यातून काय येतं त्याची गंमत ऐक. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. थोडं खाली गेलं की बोट कापलं तरी रक्त हिरवट काळं दिसतं. आपला डोळा सवयीनं सांभाळून घेतो, कॅमेरा बिचारा घेत नाही. त्याला पांढरं म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, ते आपण सांगायचं. मी एक पांढरी पाटी खाली नेते, ती त्याच्यासमोर धरते आणि बटण दाबून सांगते, हे बघ, इथे ह्याला पांढरं म्हणायचं. मग तो त्या हिशेबानं बाकीचे रंग लावून घेतो, गेलेला लालही परत आणतो. ह्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. एकदा दाखवलेलं पांढरं कॅमेऱ्यात नंबर देऊन साठवूनही ठेवता येतं. आमच्या चौकटी सगळ्या एकाच खोलीवर आहेत, म्हणून मी ते एक नंबरवर ठेवलंय. खाली जायचं, एक नंबर लावायचा, फोटो काढायचे. दर वेळी पाटी धरत बसायला नको.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सगळी प्रवाळं फिकट आली. मॅडम घाबरल्या. ह्या वर्षी पाणी तापलंय, त्यामुळे त्यांना ही भीती होतीच. गुरुवारी मी मुद्दाम पाटी नेऊन एक नंबर नव्यानं साठवला, तर सगळी तपकिरी. आम्ही हसलो. पुढच्या सोमवारी पुन्हा फिकट. गुरुवारी पाटी, पुन्हा तपकिरी. आमचा बोटवाला म्हणतो, प्रवाळांनाही सोमवारी कामावर यायचा कंटाळा येत असेल. पण मॅडम हसत नाहीत. त्यांचं म्हणणं, पाण्याचं तापमान पाहता फिकटच खरं असणार, गुरुवारी तूच पाटी वेडीवाकडी धरतेस. माझं म्हणणं असं की… ताई, माझं काही म्हणणंच नाही. मला कळत नाहीये. खाली गेल्यावर माझ्या डोळ्यांना सगळंच राखाडी दिसतं. टॉर्च मारला की तेवढा तुकडा तपकिरी दिसतो, पण टॉर्चचा उजेडच पिवळट, मग तो रंग प्रवाळाचा की टॉर्चचा? दुरुस्तीवाल्याकडे कॅमेरा नेला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, कॅमेरा ठणठणीत आहे, पाणी बहुतेक तुमच्या डोक्यात गेलंय.

हे मला खोटं वाटत नाही. वर आल्यावर मला बराच वेळ सगळं जग पिवळट लालसर दिसत राहतं. बोटवाला, बोट, घरी येतानाचा रस्ता, घरी आल्यावर अप्पा.

घरात तर अप्पांनी सगळे ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावलेत. ट्यूबचा उजेड डोळ्यांना टोचतो म्हणे. दिवसा काळा चष्मा लावून बसतात. मी त्यांना सिनेनट म्हणते. बाकी ते मजेत आहेत. जेवण थोडं कमी झालंय, उन्हाळ्यानं असेल. अंग खाजतं म्हणून नवा साबण आणलाय. तुला पाठवायच्या फोटोचा रविवार मात्र चुकवत नाहीत. खिडकीजवळ स्टूल मांडतात, कॅमेरा स्वतः लावतात, मला हातही लावू देत नाहीत. म्हणतात, "चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलाय, पाणकोंबडे, तू फक्त बटण दाब."

तुझ्या घराला पडदे लागले का? भाऊजींना म्हणावं, वेधशाळेत ढग मोजून झाले की घरी येऊन खिडक्याही मोजा.

तुझी,
पाणकोंबडी


बुधवार, २६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. घाईत लिहिते आहे. अप्पा मजेत आहेत.

ह्या वेळी फोटो नाही. प्रिंटरची शाई संपली. पुढच्या वेळीही नसेल, शाई यायला वेळ लागतो.

कॅमेऱ्याचं कोडं सुटलं. कॅमेरा चांगला आहे आणि मीही वेडी झालेली नाही. कुणीतरी एक नंबरवर दुसरंच पांढरं साठवून ठेवत होतं. म्हणजे असं बघ, मी गुरुवारी पाण्याखालची पाटी साठवायची आणि शनिवार-रविवारात कुणीतरी त्याच नंबरवर वेगळंच काहीतरी दाखवायचं. मग सोमवारी मी बिनधास्त तोच नंबर लावून खाली जायची, आणि लाल परत यायचाच नाही. लाल नाही म्हटल्यावर तपकिरीचं राखाडी होतं. एवढंच होतं ते. कोण आणि कशाला, ते भेटल्यावर सांगेन, लिहिण्यासारखं काही नाही.

बरं झालं वेळेत कळलं, कारण सोमवारी मॅडम सगळ्या चौकटी उचलून खोल, गार पाण्यात न्यायला निघाल्या होत्या. बांधलेले तुकडे असे हलवले की त्यातले किती मोडतात आणि किती मरतात ते सांगता येत नाही. मी रविवारी दुपारी त्यांना फोन केला आणि थांबा म्हटलं. त्या आधी चिडल्या, आणि मग कारण ऐकून थांबल्या. सोमवारी मी प्रत्येक चौकटीशेजारी पाटी ठेवून फोटो काढले, म्हणजे वाद नको. बहुतेक सगळी प्रवाळं ठीक आहेत. कडेची एक चौकट मात्र खरोखरच फिकट आहे. ती आधीपासून तशी होती की मधल्या गोंधळात झाली, कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे कोडं सुटलं असं वर लिहिलंय खरं, पण पूर्ण सुटलं नाही.

सध्या मी पाण्यात उतरत नाही. थोडी रजा घेतली आहे. सहजच. घरातली कामं साठली होती.

तुला एक विचारायचं होतं. अप्पांना कुठल्यातरी गोळीनं अंगावर पुरळ उठायचं, आई सांगायची. ती कुठली गोळी, आठवतं का? असंच मनात आलं म्हणून विचारते. पत्रात लवकर कळव. नाहीतर टाकीपाशी जाऊन फोनच कर, पण सकाळी कर आणि मला कर, अप्पांना नको. त्यांची झोपमोड होते.

आज काही सुचत नाहीये. दोनदा पत्र फाडलं. तुझ्याशी बोलताना मला कधी शब्द शोधावे लागले नव्हते, आज प्रत्येक वाक्य उंबऱ्यात अडखळतंय. हवा बदलली आहे, त्याचा परिणाम असेल.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
पा.


शनिवार, १२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. त्यात ना नमस्कार, ना पडदे. "घरात माणसं दोन. त्यातली एक तू. मग नंबर बदलला कुणी? आणि गोळीचं असं सहज कुणी विचारत नाही." बस्, एवढंच लिहिलंयस. मी ते दारातच उभं राहून वाचलं आणि मला एकदम बरं वाटलं. का बरं वाटलं ते मला अजून कळलेलं नाही.

आधी हे वाच, मग पाणी पी आणि मग पुढचं वाच. अप्पा आज घरी आहेत. चालतात, बोलतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आता सांगते.

तेवीस तारखेच्या रविवारी सकाळी अप्पांनी नेहमीसारखं खिडकीजवळ स्टूल मांडलं. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. कॅमेरा स्टँडवर लावला आणि मला म्हणाले, चहा घेऊन ये, तोवर मी सेटिंग करतो. मी चहा आणला तेव्हा त्यांच्या हातात स्टुडिओतला एक जुना पुठ्ठा होता, फोटो चिकटवायचा. मी फार लक्ष दिलं नाही. मी माझ्याच रडगाण्यात होते. उद्या चौकटी हलवणार, तुकडे मोडणार, पाण्यात कुणाला दोरीचं टोक धरता येत नाही, सगळं मलाच करावं लागणार, असं मी बडबडत होते. त्यांनी विचारलं, कशाला हलवताय? मी म्हटलं, पांढरी पडत चालली आहेत म्हणून. त्यांनी विचारलं, किती पांढरी? मी लॅपटॉप उघडून सोमवारचे फोटो दाखवले.

ताई, तुला त्यांचं फोटो बघणं माहीत आहे. एरवी घड्याळ शोधायला त्यांना आपण लागतो, पण फोटोत कुणाचा कान लाल झालाय ते लांबून सांगतात. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ह्यात लाल नाही. मी म्हटलं, पाण्यात लाल राहत नाही, तो आपण परत आणतो. ते म्हणाले, कुठून आणतेस? मी म्हटलं, एक नंबरवरून.

त्यांनी हातातला पुठ्ठा मांडीवर उपडा ठेवला. मला वाटलं, आता आळशीपणावरून बोलणी बसणार, दर वेळी पाटी का दाखवत नाहीस म्हणून. पण ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "उद्याचं काम थांबव. तुझी पोवळी ठीक आहेत गं. ठीक मी नाहीये."

आणि त्यांनी चष्मा काढला.

खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. पिवळट नाही, पिवळं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की माझेच डोळे बिघडलेत. मी वेड्यासारखं भिंतीकडे बघितलं, ती पांढरी. त्यांच्या शर्टाकडे बघितलं, तो पांढरा. हातातल्या कपाकडे बघितलं. सगळं जिथल्या तिथे पांढरं होतं, फक्त अप्पा नव्हते. मग मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. असं मी कितीदा केलं कोण जाणे. शेवटी तेच म्हणाले, "बस आता. चहा सांडतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज कमी आणि कारागिरीचा अभिमान जास्त वाटत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. कॅमेऱ्याला पिवळा पुठ्ठा दाखवून हे पांढरं आहे असं सांगितलं की तो सगळ्या फोटोतला तेवढा पिवळा काढून टाकतो. अप्पांच्या चेहऱ्यावरचा पिवळा गेला की चेहरा नेहमीसारखा येतो. फक्त जे खरोखर पांढरं आहे ते निळं पडतं. शर्ट, भिंत. स्टुडिओतले जुने पुठ्ठे वर्षानुवर्षांत कमी-जास्त पिवळे पडलेत, त्यातला आपल्या रंगाशी जुळणारा ते निवडायचे. आरशात बघून. आणि दर रविवारी त्यांना आधीपेक्षा जरा जास्त पिवळा पुठ्ठा लागायला लागला होता. म्हणून दर पत्रातला शर्ट आधीपेक्षा निळा. ट्यूबलाइट काढले ते ह्याचसाठी, पिवळ्या दिव्यात सगळेच पिवळे दिसतात. काळा चष्मा ह्याचसाठी. माझ्या कॅमेऱ्यात एक नंबरवर माझं काही ठेवलेलं असतं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. डोळ्यांसमोर पहिला नंबर दिसला, तो त्यांनी वापरला. "तुझ्या कामात हात घालायचा नव्हता," एवढंच दोनदा म्हणाले.

मी विचारलं, कशासाठी अप्पा? ताईसाठी एवढं?

"तिला कळलं तर ती येईल."

"मग येऊ दे की."

"आली की जायची नाही." ते चष्म्याच्या काड्या उघडझाप करत होते. "तुमची आई गेली तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून नोकरीवरून आली होती. ते चार दिवस किती लांबले, माहीत आहे ना तुला? तुझं शिक्षण झालं, तू समुद्रात गेलीस, माझा स्टुडिओ बंद झाला, तरी तिचे चार दिवस संपेनात. आत्ता कुठे गेली आहे. अजून तिच्या खिडक्यांना पडदे नाहीत. मी पिवळा झालो म्हणून तिनं पुन्हा पिशवी भरायची?"

मग त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की तुला कळवायचं नाही, आणि मीही त्या गोंधळात हो म्हटलं. म्हणून ते मधलं पत्र तसं होतं. शाई संपली नव्हती, ताई.

त्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. पित्त आतड्यात उतरतं ती नळी बंद झाली होती. डॉक्टरबाईंनी तोंडावाटे दुर्बीण घालून तिथे एक बारीक नळी बसवली. अंगाची खाज थांबली, डोळ्यांचा रंग रोज थोडा थोडा उतरतोय. मध्ये तू टाकीपाशी जाऊन फोनवर गोळीचं नाव सांगितलंस ते बरं झालं, ते त्यांच्या कागदावर आता मोठ्या अक्षरात आहे. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी एक छोटी गाठ आहे. तिचा तुकडा तपासायला गेला होता, मंगळवारी उत्तर आलं. आपल्याला नको होतं तेच आहे. पण गाठ लहान आहे, आणि जिथे आहे तिथून कापून काढता येते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मेच्या सुरुवातीला ऑपरेशन. मी विचारलं, त्यानंतर बरे होतील ना? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, सगळं चित्र काढून समजावलं, चांगलं बोलल्या, पण माझ्या प्रश्नाला हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. मी घरी येईपर्यंत त्यांचं वाक्य न् वाक्य आठवत होते आणि त्यातून कधी हो निघत होतं, कधी नाही.

मला राग येतो. अप्पांचा येतो, की रोज माझ्यासमोर जेवायला बसून त्यांनी मला उल्लू बनवलं. मग हसू येतं, की ह्या वयात, अंगात त्राण नसताना, पुठ्ठे जुळवत बसले. मग माझा राग येतो. रोज त्याच घरात राहून मला काही दिसलं नाही, कारण समुद्रातून आल्यावर सगळं पिवळट दिसायचंच, मी ते हिशेबातच धरलं होतं. खरं सांगू, तुझाही राग आला. तुला तिकडे बसून नीळ दिसली, मग कावीळ का नाही दिसली? हे अन्यायाचं आहे, मला कळतं. तुला निदान नीळ तरी दिसली.

आणि एक सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून मी अप्पांना जेवलात का, झोपलात का, एवढं विचारायची, आणि ते हो म्हणाले की मी सुटले असं समजायची. कारण नाही म्हणाले असते तर पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. तूच करायचीस ना सगळं. आता रोज करते आहे. औषधं चुकत नाहीत. बिनतेलाचं जेवण मला चांगलं जमतं, कारण तसंही माझ्या जेवणाला चव नसते, असं ते डॉक्टरबाईंना सांगून आले. कपडेही धुते. नीळ सापडली, न्हाणीघरात वरच्या फळीवर होती. मॅडमनी रजा वाढवून दिली आहे. एक दिवस त्या स्वतः घरी येऊन अप्पांना प्रवाळांचे नवे फोटो दाखवून गेल्या. दोघं तासभर रंगावरून वाद घालत बसले, आणि तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

हे पत्र मी लपवून लिहीत नाही. अप्पा आतल्या खोलीत पडले आहेत. सकाळी मी त्यांना सांगितलं की दिलेला शब्द मी मोडते आहे, ताईला सगळं लिहिणार. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "लिही. पण येऊ नकोस म्हणून लिही."

तर लिहिते. अप्पांनी सांगितलंय, येऊ नकोस.

हे त्यांचं झालं. माझं काय ते मला धड सांगता येत नाही. कधी वाटतं, तू आत्ता दारात उभी राहिलीस तर मी तुझ्या हातात किल्ल्या देऊन मोकळी होईन आणि सरळ पाण्यात जाऊन बसेन. म्हणूनच येऊ नकोस असंही वाटतं. आणि ऑपरेशनच्या दिवशी त्या बाकावर मी एकटी बसले आहे असं डोळ्यांसमोर आलं की वाटतं, बाकी सगळं गेलं खड्ड्यात, ताई हवी. अप्पा काल झोपेत तुझं नाव घेत होते. माझं नाही, तुझं. मी तिथेच बसले होते.

म्हणून असं कर. ये. भाऊजींना घेऊन ये किंवा एकटी ये, पण येताना परतीचं तिकीट काढूनच ये. दारात आल्या आल्या त्यांची तब्येत विचारू नकोस, रडूही नकोस. आधी ते तिकीट त्यांच्या हातात दे. त्यावरची तारीख त्यांना चष्मा लावून वाचू दे. त्यानंतर त्यांच्याजवळ बस.

आणि त्या तारखेला तू खरंच जायचंस. मी रडले तरी, ते गप्प बसले तरी, ऑपरेशनचं काहीही झालं तरी. त्यानंतर मी आहे. मला अजून नीट जमत नाही, पण मी आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि तुला परत पाठवणारी,
तुझी धाकटी